पावलीचे सतरा दिवस

वैशालीचं कुत्रं मी दोन दिवसांसाठी म्हणून मागून नेलं आणि सतरा दिवस परत केलं नाही. तिची बारावीची परीक्षा तोंडावर होती, मी तिचा सर होतो, आणि त्या कुत्र्याशिवाय तिला झोप येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही. मीच ते लिहिलं होतं, छापून घेतलं होतं, आणि तेच पुस्तक विकत मी लातूर-नांदेड फिरत होतो.

फेब्रुवारी संपत आला की लातुरातली हवा बदलते. कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात. ट्यूशन एरियातल्या रस्त्यांवर त्यांचा पातळ थर साचतो आणि त्यावरून सायकल गेली की बारीक कुरकुर ऐकू येते. डाळमिलकडून वारा आला तर तुरीच्या फोलपटांचा कोरडा, किंचित गोडसर वास येतो आणि घशात धूळ बसते. आता सायकली कमी झाल्या, स्कूट्या आल्या. पहिल्या आलेल्या मुलांचे फलक इमारतींच्या गच्च्या झाकू लागले. पण गॅलरीत येरझारा घालत, ओठ हलवत पाठ करणारी एखादी मुलगी अजूनही दिसते. गेली वीसेक वर्षं अशी मुलगी दिसली की माझी नजर आपोआप तिच्या पायांशी जाते. तिथं काही नसतं. मग मी पुढं चालायला लागतो.

वैशालीच्या पायाशी पावली असायची. पावली म्हणजे तिची कुत्री. मांजराएवढी, तांबूस, एक कान उभा आणि एक मोडलेला. मोठी व्हायची तेवढी ती झालीच नाही, म्हणून वैशालीच्या वडिलांनी तिचं नाव पावली ठेवलं होतं. चार आण्याचं नाणं तसं, खिशात मावेल एवढं.

वैशालीचं गाव भूकंपात गेलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं, वडील शेतात राखणीला होते. आई आणि धाकटा भाऊ घराच्या दगडमातीखाली गेले, वैशालीला दुपारी बाहेर काढलं. पुढची सगळी वर्षं बापलेकीनं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, आणि त्या शेडमध्येच पुढं कधीतरी पावली जन्मली.

भूकंपानंतर आठवडाभरानं मीही तिकडे गेलो होतो, भाकरी घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोबरोबर. नुकती नोकरी लागलेला पोरगा होतो. पावसानं भिजलेल्या मातीचा आणि जंतुनाशक पावडरीचा मिळून जो वास तिथं होता, तो मला आजही एखाद्या दवाखान्याच्या फरशीवर अचानक येतो. एका भिंतीचा तुकडा तेवढा उभा होता. त्यातल्या कोनाड्यात एक फणी होती. मी ती फणी बघितली आणि पुढच्या टेम्पोनं परत आलो. या गोष्टीचा मी पुढं वर्गात अनेकदा उपयोग केला. उपयोग हा शब्द मुद्दाम लिहितोय.

त्या काळात लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायची. एका खोलीत चार-चार, मेसचा डबा, भिंतीवर वेळापत्रक. मी एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. हुशार पोरं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गळून गेलेली बघायचो. कुणाच्या हाताला कंप सुटायचा, कुणाला उलट्या व्हायच्या. त्यांच्यासाठी एक लहानसं पुस्तक लिहावं असं मला मनापासून वाटलं. ते मनापासूनचं होतं हे मी आजही नाकारत नाही. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘न घाबरता बारावी’.

वैशाली माझ्या सकाळच्या बॅचला होती. लायब्ररीत बसायला मिळायचं, पण तिथं पावलीला मनाई, म्हणून ती क्लासच्या मागच्या पायऱ्यांवर अभ्यास करायची. एका हातात वही, दुसरा हात पावलीच्या पाठीवर. एकदा मी सहज विचारलं, “हे काय गं, अभ्यासाला पण कुत्रं?”

“कुत्रं झोपलं म्हणजे जमीन झोपली, सर,” ती म्हणाली. “ते उठलं की मी उठते. मग मला निस्तं बघत बसावं लागत न्हाई.”

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. भूकंपानंतर कितीतरी वर्षं जमिनीतून गुरगुर यायची. पावलीची आई ती आधी ओळखायची, कान टवकारून उभी राहायची. हे लेकरू तिच्याकडूनच शिकलं. रात्री हाताखाली पावलीचा श्वास लागला की वैशालीला झोप लागायची. नाही लागला तर ती उठून दाराच्या चौकटीत जाऊन बसायची. वसतिगृहात कुत्रं चालत नाही म्हणून तिनं रजियाआपांच्या घरी माडीवरची खोली घेतली होती. आपा नवऱ्याच्या मागे शिवणकाम करून घर चालवायच्या. आधी नाही म्हणाल्या, मग पावलीनं त्यांच्या मशीनखाली अंग टाकलं आणि त्या हो म्हणाल्या.

मी हे सगळं ऐकलं, आणि त्याच आठवड्यात पुस्तकाचं दुसरं प्रकरण लिहून काढलं. नाव बदललं, गावाचा उल्लेख टाळला. प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, ‘आज ही मुलगी कशालाच घाबरत नाही.’ ते लिहिल्यावर माझे डोळे भरून आले होते. स्वतःच्या लेखनानं ज्याचे डोळे भरून येतात, त्या माणसाची मला आता काळजी वाटते.

पुस्तक आधी खपलंच नाही. खोक्यांवर धूळ बसली. मग लातुरातल्याच एका क्लासमध्ये मी दोन बॅचच्या मधल्या पंधरा मिनिटांत बोलत होतो, तेव्हा वैशाली ऐकायला आली आणि तिच्या मागोमाग पावली आत शिरली. सरळ माझ्या टेबलावर चढून बसली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी ओरडलं, “सर, हीच का ती?” मी हो म्हणालो. त्या दिवशी दाराशी ठेवलेली दोन्ही खोकी रिकामी झाली.

त्यानंतर नांदेडच्या एका क्लासचं बोलावणं आलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचच्या वर्षातल्या शेवटच्या तासाला, फळ्यापाशी उभं राहून, खडू हातात ठेवूनच विचारलं, “वैशाली, पावलीला दोन दिवस नांदेडला नेऊ का? पुस्तकासाठी.”

दीडशे पोरं तिच्याकडे वळून बघायला लागली. ती उभी राहिली.

“न्या की सर.”

आमच्याकडे सरांना कुणी नाही म्हणत नाही. बाप भर उन्हात लेकराला घेऊन क्लासच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, “सर, आता ह्याचं कातडं तुमचं, हाडं आमची.” अशा ठिकाणी वर्गासमोर विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते उत्तर मिळावं म्हणूनच मी वर्गासमोर विचारलं का? नाही, इतका विचार मी केला नव्हता. पण एकटं गाठून पायऱ्यांवर विचारायचं मला सुचलं नाही, आणि न सुचण्यात माझी सोय होती, एवढं खरं.

नांदेडच्या एसटीत मी पावलीला रेक्झिनच्या पिशवीत ठेवलं. वर पुस्तकांचं एक बाड. चाकूर सोडल्यावर कंडक्टर आला.

“ओ सर, पिशवीत काय हाय?”

“पुस्तकं.”

“पुस्तकं कवापासून शेपूट हलवून राहिली?”

सगळी गाडी हसली. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, “असू दे रे बाबा, लेकरावानी बसलंय गुमान.”

“लेकराचं हाफ लागतंय, मावशी. आन् हे लेकरू चावलं तर माझी नोकरी जाती.” असं म्हणत त्यानंच खाली वाकून पावलीचा मोडका कान चोळला. “लई शांत हाय. कुणाचं?”

“माझंच,” मी म्हणालो.

त्या खोट्याची काही गरज नव्हती. ‘माझ्या विद्यार्थिनीचं’ म्हणालो असतो तरी त्यानं उतरवलं नसतं. अहमदपूर मागं पडलं, डोंगरात पळस फुलला होता, पानं नसलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं. पावली पिशवीतून डोकं बाहेर काढून मागच्या काचेकडे बघत होती. बाकी सगळे पुढं बघत होते, ती एकटी ज्या बाजूनं आलो तिकडं बघत होती. मला ते गोड वाटलं होतं. पुढच्या कार्यक्रमात मी ते सांगून हशाही मिळवला.

नांदेडच्या त्या क्लासच्या संचालकांना सगळे भाऊसर म्हणायचे. जाडजूड, मोकळा, मोठ्यानं हसणारा माणूस. त्यांचा हॉल म्हणजे तीनशे पोरं मावतील असं लांबलचक पत्र्याचं छप्पर. मी पावलीला टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, “मित्रांनो, भूकंपात त्या मुलीचं सगळं गेलं. उरली ती ही.” मी फिजिक्सचा माणूस. भूकंपाला तेव्हा दहा वर्षं होत आली होती आणि पावली जेमतेम चार वर्षांची होती. तीनशे गणिती डोक्यांपैकी एकानंही हिशेब केला नाही. मीही सांगितला नाही.

पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. तो दणका पत्र्यात घुमला, सगळं छप्पर थरथरलं. पावली ताठ उभी राहिली. तिचे दोन्ही कान, तो मोडका सुद्धा, वर झाले. मग तिनं टेबलावरून उडी टाकली आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये येऊन पुस्तकांच्या खोक्यावर मुतली. हॉल हसून लोटपोट झाला. मीही हसलो. तिला उचलून परत टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “बघा, भीती सगळ्यांनाच वाटते. पण परत उभं राहायचं असतं!” टाळ्या. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं जोरात उडत होतं की मला माझं बोलणं थांबवता आलं असतं. पण मी बोलत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर भाऊसर खांद्यावर हात टाकून म्हणाले, “सर, खरं सांगू का? पुस्तक तुमचं बरं हाय, पण कुत्रं लई भारी हाय. परतायची घाई करू नका. उद्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पोरांपुढं बोला, परवा देगलूर. मी फोन करून ठेवलाय.”

“पण हे कुत्रं परत द्यायचंय.”

“अवो, कुत्रंच हाय. त्याची काय परीक्षा हाय का?”

मी हसलो. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

देगलूरला एका शाळेत बोललो. तिथं बाजारात तीन भाषांत भाव चालतो. एक मिरचीवाली पावलीशी तेलुगूत बोलत होती आणि पावली तिच्याकडे अशी बघत होती की जणू मराठीपेक्षा तेच तिला कळतंय. मुखेड, कंधार, पुन्हा नांदेड. कागदी पताका, नारळ, शाल, “थोर लेखक”. खोकी संपली की प्रेसला फोन. दिवस कसे गेले कळलं नाही असं लोक म्हणतात. मला कळत होतं. रोज सकाळी लॉजवर दाढी करताना मी आकडा मोजायचो आणि फेस धुऊन टाकायचो.

दर दोन-तीन दिवसांनी एसटीडी बूथवरून रजियाआपांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावायचो. आपा यायच्या.

“सर, कब लारे बच्ची के कुत्ते को?”

“उद्या, आपा. परवा नक्की.”

“सोतीच नै बच्ची. किताब खोल के दरवाज्जे में बैठी रैती. मैं बोली मेरे पास सो जा, तो आके लेटती, फिर उठ के जाती.”

“परीक्षेचं टेन्शन असतं, आपा. सगळ्यांनाच असतं.”

“टेन्शन?” आपा फोनमध्येच हसल्या, चांगलं नाही हसल्या. “सर, तुमची ये उद्या कौन से म्हैने में आती?”

एकदा वैशाली स्वतः फोनवर आली. “पावली खातीय का, सर?”

“खाते की. झकास आहे. तू अभ्यास कर.”

“रात्रीला उठती का?”

“छे. गाढ झोपते.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. फोनवर थोडा वेळ दुकानातल्या वजनकाट्याचा आवाज येत राहिला. “मग बरं हाय, सर.”

पावली झोपत नव्हती. लॉजच्या दाराशी तोंड करून बसायची, सकाळीही तशीच बसलेली असायची. तू झोपतेस का, हे मी वैशालीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खोटं सांगितलं असतं आणि मला ते खोटं आहे हे कळलं असतं. मग निघावं लागलं असतं.

फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी मी पुन्हा विष्णुपुरीला होतो. सकाळचा कार्यक्रम आटोपला होता. धरणाच्या खाली गोदावरीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. एका वाडीवाल्यानं टरबूज फोडून दिलं. उन्हात तापलेलं, आतून कोमट, गोड. पावलीला एक फोड टाकली, तिनं वास घेऊन सोडली. ती माझ्याकडे पाठ करून नदीकडे तोंड करून बसली. तेव्हा घड्याळात बघितलं तर पेपर सुरू होऊन तास झाला होता. माझा विषय. वर्षभर मी शिकवलेला. पहिला प्रश्न कोणता आला असेल याचा मी नेहमीच्या सवयीनं अंदाज बांधायला लागलो आणि मग माझ्या हातातली फोड हातातच राहिली. दाराच्या चौकटीत बसून काढलेल्या पंधरा रात्री घेऊन ती पोरगी आत्ता बाकावर बसली असेल.

इथं मला लिहायला आवडलं असतं की मी तसाच उठलो आणि लातूरची गाडी धरली. पण दुसऱ्या दिवशी लोह्याला एक कार्यक्रम ठरला होता. तो करून मी निघालो.

आपांच्या घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. शिलाई मशीन चालू होतं. वैशाली जिन्यावरून खाली आली. डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले. मला वाटलं होतं पावली उड्या मारील, रडेल, चाटेल. तसलं काही झालं नाही. पिशवीतून उतरली, सरळ जिना चढून गेली आणि खाटेखाली जाऊन झोपली. खालूनसुद्धा तिचं घोरणं ऐकू येत होतं.

“थँक्यू, सर,” वैशाली म्हणाली.

त्या थँक्यूमध्ये टोमणा नव्हता. तो असता तर मी तेव्हाच काहीतरी बोललो असतो.

टोमणा आपांनी मारला. मशीन थांबवून म्हणाल्या, “आओ सर, चाय पिओ. वो किताब में लिखा ना तुमने, बच्ची को डर नै लगता? मैं इत्ते दिन वोच किताब उसके तकिए के नीचे रखी. कुछ असर नै हुआ.”

मी चहा न घेता निघालो.

वैशालीला मेडिकल मिळालं नाही. ती नर्सिंगला गेली. मी माझ्या डोक्यात तिच्या फिजिक्सच्या मार्कांत कधी दहा, कधी पंधरा मार्क मिळवून बघायचो. दरवर्षी याच दिवसांत. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत गेल्या. तिसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पावलीचा फोटो आला, तोही न विचारता. त्या आवृत्तीची एक प्रत मी वैशालीला पोस्टानं पाठवली, आत लिहिलं ‘सप्रेम भेट’. माफीनाम्याच्या ऐवजी सप्रेम भेट. उत्तर आलं नाही. पावली तिच्या वडिलांकडे गेली आणि नव्या वसाहतीतल्या घराच्या ओट्यावर म्हातारी होऊन मेली, हे मला गावाकडच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं.

यंदा फेब्रुवारीत प्रकाशकांच्या मुलाचा फोन आला. “सर, बारावीला आता कोण विचारतंय? नाव बदलू, ‘न घाबरता नीट’ करू. कव्हर तेच ठेवू, कुत्रं चालतंय अजून.” त्यानं प्रुफं पाठवली. मी लाल पेन घेऊन बसलो आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीला अडकलो. दोन दिवस अडकलो. पत्नी म्हणाली, “एवढी काय चूक आहे त्या पानात?” मी म्हणालो, शुद्धलेखनाची नाही.

मग रजियाआपांकडे गेलो. त्या आता खूप थकल्यात, मशीनवर सून बसते. वैशाली कुठं असते, मी विचारलं.

“बीस साल में आज पूछे?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “देगलूर में है. सरकारी दवाखाने में नर्स. ईद को फोन आता उसका. जाओ, मिल के आओ. पन किताब नक्को ले जाओ.”

देगलूरच्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये वैशाली राहते. मी गेलो तेव्हा ती ड्यूटीवरून नुकती आली होती, पांढरा कोट खुर्चीच्या पाठीला लावलेला. चाळिशीला आलेली बाई, कानशिलावर चार पांढरे केस. मला बघून डोक्यावरून पदर घ्यावा तसा हात गेला, मग हसली.

“सर! कवा आलाव? बसा बसा. एवढ्या उन्हात?”

पाणी दिलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, गोळ्या कोणत्या घेता विचारलं. मी गाडीत तीन तास पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. तुझं कुत्रं मी नेलं, सतरा दिवस ठेवलं, तुझी झोप गेली, पेपर बिघडला, माझ्यामुळं तुझं मेडिकल गेलं.

“थांबा, सर,” ती म्हणाली. “मेडिकल काही तुमच्यामुळं गेलं न्हाई. केमिस्ट्रीला पण तेवढेच पडले होते मला, आन् केमिस्ट्रीच्या वेळेला पावली होती की जवळ. उगं स्वतःला लई मोठं करून घेतलाव तुम्ही.”

मला हसावं की काय कळेना. वीस वर्षं मी जे ओझं वाहत होतो ते तिनं दोन वाक्यांत खाली ठेवलं होतं. पण ती हसत नव्हती. कोटाच्या खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

“सतरा दिवसाचं बी न्हाई सर. कुत्रं काय, आलं परत.”

“मग कशाचं?”

“तुम्ही लिहिलं ना, ही मुलगी आता कशालाच घाबरत नाही म्हणून. साऱ्या क्लासनं वाचलं. बाबांनी शेडमधल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. तवापासून ते सगळ्याला सांगायचे, माझी लेक भीत न्हाई. मग तुम्ही साऱ्या पोरांपुढं कुत्रं मागितलंव. काय म्हणणार होते मी? की नका नेऊ, मला भीती वाटती?” तिनं पेन खाली ठेवलं. “तुमच्याजवळच मी पहिल्यांदा बोलले होते, सर. त्याच्या आधी कुणाला सांगितलं नव्हतं. आन् तुम्ही सांगून टाकलं की आता संपलं. मग मला पुन्हा सांगायला जागाच राहिली न्हाई. अजून बी नाईटला असले की येता-जाता भिंतीला हात लावून बघते. इथल्या सिस्टर म्हणतेत, तू काय करतीस? मी म्हणते, रंग बघते.”

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. “आले,” ती म्हणाली, पण उठली नाही.

पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. मी खुर्चीतून उठलो. सरांनी उभं राहावं आणि तिनं बसावं, हे तिला अवघड झालं, तीही उठायला लागली, मी हातानं खाली बस म्हणालो.

“वैशाली, ते वाक्य खोटं होतं. लिहिताना मला माहीत होतं. तू मला तुझी भीती सांगितलीस, आणि घाबरणाऱ्या मुलीचं पुस्तक कोण वाचणार म्हणून मी ती पुसून टाकली. तुझ्या वडिलांनी माझं खोटं वाचून दाखवलं. ते पुस्तक मी आता छापू देणार नाही. तू घाबरत होतीस, आणि ते तुझं अगदी बरोबर होतं. मी तुझी माफी मागतो.”

 डोळे न पुसताच ती माझ्याकडे बघून म्हणाली,

“हाव सर. लई भीत होते मी.”